पायरीपायरीने गणित : बारामती-इंदापूरच्या व्यवहारातील शाब्दिक उदाहरणे

शाब्दिक उदाहरणात गणित आधीच मांडून दिलेले नसते, ते वाचणाऱ्याला मांडावे लागते. '348 मधून 129 वजा करा' असे म्हटले की काम एकच उरते. पण 'शेतकऱ्याने डाळिंबाचे 129 क्रेट बाजारात पाठवले आणि घरी 348 क्रेट उरले, तर तोडणी किती क्रेटची झाली होती?' असे विचारले, की बेरीज करायची की वजाबाकी हे आधी ठरवावे लागते. हातचे घेऊन बेरीज आणि उसने घेऊन वजाबाकी बिनचूक करणारी मुलेही येथे अडतात. 'उरले' या शब्दावर नजर पडते, वजाबाकी होते आणि उत्तर 219 येते. उरलेल्या 348 क्रेटपेक्षा मुळातले क्रेट कमी कसे, हा प्रश्न मनात येतच नाही. बरोबर उत्तर 477 आहे. चूक आकडेमोडीत नव्हती, वाचनात होती. शालेय गणितातल्या पुष्कळ चुका अशाच असतात, आणि पायरीपायरीने उदाहरण सोडवण्याची रीत शिकवायची ती याच चुकांसाठी.

बारामती आणि इंदापूर या तालुक्यांत या रीतीला हवे तेवढे साहित्य घराघरात पडलेले आहे. एका बाजूला नीरा डाव्या कालव्याचे आवर्तन, दुसऱ्या बाजूला भीमेवरच्या उजनी धरणाचा फुगवटा. माळेगाव, सोमेश्वरनगर, भवानीनगर, बिजवडी, शहाजीनगर येथील साखर कारखाने. गावोगावची दूध संकलन केंद्रे, भिगवणचा मासळीबाजार, इंदापूरची डाळिंबे आणि द्राक्षे. टन, उतारा, फॅट, क्युसेक, टीएमसी, गुंठा हे शब्द येथील मुलांच्या कानांवर शाळेत जाण्याआधीच पडलेले असतात. तरीही वहीतल्या उदाहरणात पुष्कळदा पेन, पेरू आणि फुगे एवढेच असते. पेरूचे उदाहरण चुकले तर मुलाला ते चुकल्याचे जाणवत नाही, कारण उत्तराशी ताडून पाहण्याजोगे त्याच्याजवळ काही नसते. एकरी साडेचारशे टन ऊस निघाला असे उत्तर आले तर मात्र या भागातले पाचवीचे मूलही थांबते.

व्यवहारातून गणित शिकवण्याची ही परंपरा महाराष्ट्राला नवी नाही. भास्कराचार्यांची 'लीलावती' 1150 च्या सुमारास लिहिली गेली. तिच्यात त्रैराशिक, व्यस्त त्रैराशिक, पंचराशिक, व्याज, मिश्रणे, धान्याच्या राशी असे विषय आहेत आणि बरेचसे प्रश्न थेट ऐकणाऱ्याला उद्देशून घातलेले आहेत. चाळीसगावजवळच्या पाटण येथील शिलालेखात भास्कराचार्यांच्या ग्रंथांच्या अध्ययनासाठी त्यांचा नातू चांगदेव याने मठ स्थापन केल्याची नोंद आहे. तो लेख 1207 सालचा आहे. पुढे पंतोजींच्या शाळांतून पाढ्यांबरोबर पावकी, निमकी, पाउणकी, सवायकी, दिडकी, अडीचकी आणि औटकी यांची उजळणी होत असे. रुपयाचे सोळा आणे होते तोवर बाजारात या पाठांतराचा रोज उपयोग होता. 1 एप्रिल 1957 रोजी दशमान नाणी आली, पाठोपाठ मेट्रिक वजने-मापे आली आणि ही उजळणी मागे पडली. मात्र त्या उजळणीतून तोंडी हिशेबाचा जो सराव होत होता, त्याची जागा दुसऱ्या कशाने पुरेशी भरून निघालेली नाही. उत्तर साधारण किती यावे याचा अंदाज मुलांना बांधता येत नाही, याचे एक कारण हे आहे.

रीतीच्या पायऱ्या मोजक्याच आहेत. मराठी शाळांत 'दिलेले', 'काढायचे', 'रीत', 'उत्तर' आणि 'ताळा' असे शब्द पूर्वीपासून रुळलेले आहेत. मूळचे हंगेरीचे गणिती जॉर्ज पोल्या यांनी 1945 साली प्रसिद्ध केलेल्या पुस्तकात जवळजवळ हाच क्रम सांगितला: प्रश्न समजून घ्या, योजना करा, योजना अमलात आणा, मागे वळून पाहा. क्रम पाठ करणे सोपे आहे. अवघड आहे ती पहिली पायरी, आणि वर्गात तिलाच सर्वांत कमी वेळ मिळतो. 'दिलेले' या शब्दाखाली नुसते आकडे उतरवून काढले तर ती पायरी झाली असे होत नाही. प्रत्येक आकडा कशाचा आहे, कोणत्या मापात आहे आणि कशाच्या तुलनेत आहे, हे लिहिले तरच ती पूर्ण होते.

जमिनीचे उदाहरण घ्यावे. एक गुंठा म्हणजे 33 फूट लांब आणि 33 फूट रुंद, म्हणजे 1,089 चौरस फूट. चाळीस गुंठ्यांचा एकर, म्हणून एकराचे 43,560 चौरस फूट. येथवर गुणाकार सरळ आहे. पण घरच्या कागदावर पुष्कळदा '1.20 एकर' असे लिहिलेले असते आणि त्याचा अर्थ एक एकर वीस गुंठे, म्हणजेच दीड एकर, असा असतो. दशांश अपूर्णांक नुकतेच शिकलेले मूल ते एक पूर्णांक दोन दशांश वाचते. तसे वाचले तर 0.2 एकराचे आठच गुंठे होतात आणि बारा गुंठे जमीन कागदावरच नाहीशी होते. सातबाऱ्यावर तेच क्षेत्र हेक्टर आणि आर या मापांत येते. तेथे शंभर आरांचा हेक्टर असल्यामुळे टिंब खरोखर दशांशाचे काम करते. 0.60 हेक्टर म्हणजे 60 आर, म्हणजे 6,000 चौरस मीटर. एका गुंठ्याचे सुमारे 101.17 चौरस मीटर होतात, म्हणून हे क्षेत्र सुमारे 59.3 गुंठे, अर्थात एक एकर आणि एकोणीस गुंठ्यांहून थोडे अधिक. दोन्ही कागदांवर टिंब आहे, पण एकात ते चाळिसाच्या हिशेबाचे आहे आणि दुसऱ्यात शंभराच्या. मापाचे नाव आकड्याशेजारी लिहिण्याचा आग्रह शिक्षक धरतात, तो एवढ्याचसाठी.

ऊसबिलाचे उदाहरण लांब आहे, पण एकाच उदाहरणात शालेय गणिताची चार-पाच प्रकरणे भेटतात, म्हणून ते पूर्ण करून पाहावे. 2025-26 च्या हंगामासाठी केंद्र सरकारने उसाची एफआरपी, म्हणजे रास्त आणि किफायतशीर दर, 10.25 टक्के उताऱ्याला क्विंटलमागे 355 रुपये ठरवली. त्यावर उताऱ्यातल्या प्रत्येक 0.1 टक्का वाढीला 3.46 रुपये जादा. समजा, एका कारखान्याचा उतारा 11.35 टक्के धरला आहे आणि तोडणी-वाहतुकीचा खर्च टनाला 900 रुपये आहे. एका शेतकऱ्याचा तीस गुंठे ऊस एकरी 45 टनांच्या हिशेबाने निघाला. त्याला किती रक्कम मिळेल?

काढायची आहे रक्कम, म्हणून दोन गोष्टी लागतील: ऊस किती टन आणि टनाला हातात किती रुपये. ही विभागणी कागदावर आली की उदाहरण निम्मे सुटते, कारण दोन्ही भाग वेगवेगळे सोडवता येतात. ऊस किती, तर चाळीस गुंठ्यांना 45 टन, म्हणून एका गुंठ्याला 45 भागिले 40 आणि तीस गुंठ्यांना 33.75 टन. ही एकमान पद्धत झाली. दरासाठी उताऱ्यातला फरक काढावा: 11.35 वजा 10.25 म्हणजे 1.10. त्यात 0.1 चे अकरा भाग आहेत, म्हणून वाढ अकरा गुणिले 3.46, म्हणजे 38.06 रुपये. क्विंटलचा दर 393.06 रुपये झाला आणि टनाचा 3,930.60. त्यातून 900 वजा केले की टनाला 3,030.60 उरले. शेवटी 33.75 गुणिले 3,030.60 म्हणजे 1,02,282.75 रुपये.

यात एक चूक हमखास होते. उतारा 1.10 टक्क्याने वाढला, म्हणजे दरही 1.10 टक्क्याने वाढला असे मूल धरते आणि 355 चे 1.10 टक्के काढते. ते चार रुपयेसुद्धा भरत नाहीत. खरी वाढ 38 रुपयांची आहे. येथे टक्का हा उताऱ्याचा आहे, म्हणजे शंभर किलो उसात साखर किती किलो याचा, आणि रुपये त्या प्रत्येक दशांशाला बांधलेले आहेत. टक्का कशाचा, हे विचारल्याशिवाय शेकडेवारीचे एकही उदाहरण पुढे नेऊ नये. हेच उदाहरण व्याजापर्यंत नेता येते. 1966 च्या ऊस नियंत्रण आदेशानुसार ऊस घातल्यापासून चौदा दिवसांत पैसे द्यायचे असतात आणि त्यानंतरच्या विलंबाला वर्षाला 15 टक्के व्याज लागते. मुदतीनंतर आणखी तीस दिवस लागले तर 1,02,282.75 वर व्याज सुमारे 1,261 रुपये होते. सरळव्याजाचे सूत्र पाठ असलेले मूल येथे मुदत '30' लिहून मोकळे होते आणि व्याज काही लाखांत काढते. दर वर्षाचा आहे, म्हणून मुदतही वर्षातच हवी: 30 भागिले 365.

सरासरीची चूक दूधधंद्यात दिसते. गायीचे 30 लिटर दूध 3.5 फॅटचे आणि म्हशीचे 10 लिटर 6.5 फॅटचे. दोन्ही एकत्र केले तर फॅट किती? साडेतीन आणि साडेसहा यांची बेरीज करून दोनाने भागले की पाच येते आणि बहुतेकांचे समाधान होते. पण गायीचे दूध तिप्पट आहे, तेव्हा मिश्रण त्याच्याकडे जास्त झुकणार. तीस गुणिले 3.5 म्हणजे 105, दहा गुणिले 6.5 म्हणजे 65. मिळून 170, त्याला 40 ने भागून 4.25. लिटर आणि किलो यांतला लहानसा फरक येथे सोडून दिला आहे. ताळा सोपा आहे: उत्तर 3.5 आणि 6.5 यांच्यामध्ये हवे आणि 3.5 च्या अधिक जवळ हवे.

प्रमाण सम की व्यस्त हे ओळखणे ही सातवी-आठवीची अडचण असते. बारा कोयते एक फड दहा दिवसांत तोडतात, आठच कोयते आले तर किती दिवस लागतील? ऊसतोडीत कोयता म्हणजे बहुधा नवराबायकोची जोडी धरतात. मूल सवयीने त्रैराशिक मांडते आणि 6.67 दिवस असे उत्तर देते. माणसे कमी झाली आणि काम लवकर संपले, हे या भागात कोणालाच पटणार नाही. एकूण काम बारा गुणिले दहा म्हणजे 120 कोयता-दिवसांचे आहे, त्याला आठाने भागले की पंधरा दिवस येतात. आकडे हातात घेण्याआधी 'वाढेल की कमी होईल' एवढा एक शब्द समासात लिहायला लावला, तर ही चूक जवळजवळ नाहीशी होते.

भागाकारातल्या बाकीचे काय करायचे, हेही प्रश्नच सांगतो. पाचशे किलो डाळिंबे अठरा किलोच्या खोक्यांत भरायची. भागाकार 27, बाकी 14. पूर्ण भरलेली खोकी किती, असे विचारले तर 27. सर्व माल नेण्यासाठी किती खोकी लागतील, असे विचारले तर 28. आकडेमोड एकच आणि दोन्ही उत्तरे बरोबर. 27.78 खोकी हे उत्तर मात्र कोणत्याच प्रश्नाचे नाही.

इंदापूर तालुक्याला सर्वांत जवळचे आणि सर्वांत उपयोगी उदाहरण उजनीचे आहे. पावसाळ्यात वर्तमानपत्रे रोज धरणाची टक्केवारी छापतात आणि उन्हाळ्यात 'उजनी उणे 30 टक्के' अशी बातमी येते. 2024 च्या उन्हाळ्यातही साठा असाच शून्याच्या बराच खाली गेला होता. पाणी उणे कसे असेल, हा मुलाचा प्रश्न अगदी रास्त आहे, आणि पूर्णांक संख्यांचे प्रकरण शिकवायला याहून चांगली सुरुवात सापडणे कठीण. धरणाचा एकूण साठा 117.23 टीएमसी आहे. त्यातला 63.66 टीएमसी मृतसाठा आणि त्यावरचा 53.57 टीएमसी उपयुक्त साठा. छापली जाते ती टक्केवारी उपयुक्त साठ्याची. म्हणून धरण 20 टक्के भरले म्हणजे 117.23 चे 20 टक्के, असे धरले तर सुमारे 23.45 टीएमसी हे चुकीचे उत्तर येते. उपयुक्त साठ्याचे 20 टक्के म्हणजे 10.71, त्यात मृतसाठा मिळवला की धरणात एकूण 74.37 टीएमसी पाणी आहे. शून्य टक्के म्हणजे धरण कोरडे असेही होत नाही, त्या दिवशीही 63.66 टीएमसी पाणी असतेच. उणे 30 टक्के म्हणजे 53.57 चे 30 टक्के, अर्थात 16.07 टीएमसी पाणी मृतसाठ्यातून कमी झाले. उरले 47.59. संख्यारेषेवरचे शून्य हा मोजणाऱ्यांनी ठरवलेला टप्पा आहे, हे या एका उदाहरणात आठवीच्या मुलाला स्वच्छ दिसते.

याच उदाहरणाला एक पायरी जोडता येते. एक क्युसेक म्हणजे सेकंदाला एक घनफूट. दिवसाचे 86,400 सेकंद. दौंडकडून 10,000 क्युसेकने पाणी येत राहिले तर दिवसात 86 कोटी 40 लाख घनफूट येते. टीएमसी म्हणजे शंभर कोटी घनफूट, म्हणून ही आवक 0.864 टीएमसी. उणे 30 वरून शून्यावर यायला 16.07 भागिले 0.864, म्हणजे साडेअठरा दिवसांहून थोडे जास्त लागतील. उपसा आणि बाष्पीभवन यात धरलेले नाही, हे वहीत लिहायला हवे. कोणती गोष्ट सोडून दिली याची नोंद हीसुद्धा एक पायरीच आहे. नीरा डाव्या कालव्याच्या गावांत हेच गणित आवर्तनाला लावता येते: 800 क्युसेकने एक टीएमसी पाणी सोडायला सुमारे साडेचौदा दिवस लागतात.

पायऱ्या लिहिण्याच्या सवयीला परीक्षेचा एक अडथळा आहे. शिष्यवृत्ती परीक्षेत उत्तर चार पर्यायांतून निवडायचे असते. तेथे चलाख मूल पर्याय घालून पाहते आणि रीत न लिहिता गुण मिळवते. दहावीच्या लेखी परीक्षेत मात्र बीजगणित आणि भूमिती या दोन्ही भागांत पायऱ्यांना गुण असतात आणि तेथे हीच मुले गुण गमावतात. पर्यायांचा सराव वाईट नाही, पण तो लेखी रीत पक्की झाल्यानंतरचा आहे. आधी तो करून घेतला तर चूक कुठे झाली हे शिक्षकालाही शोधता येत नाही, कारण शोधायला वहीत काही उरलेलेच नसते. पदावली सोडवताना 'कंचेभागुबेव' (कंस, चे, भागाकार, गुणाकार, बेरीज, वजाबाकी) हा क्रम पाठ असतो, पण कोणती क्रिया आधी झाली हे ओळीत दिसत नसेल तर त्या पाठांतराचाही उपयोग होत नाही.

वाचनाची आणखी एक लहान अडचण मराठी संख्यानामांची आहे. एकोणसाठ ऐकून 69 लिहिणारी मुले दरवर्षी भेटतात. 2019 साली बालभारतीच्या दुसरीच्या पुस्तकात 'एकवीस' बरोबर 'वीस एक' असे वाचन देण्यात आले आणि त्यावर मोठा वाद झाला. गणित समितीच्या अध्यक्षा मंगला नारळीकर यांनी मुलांच्या सोयीची बाजू मांडली होती. वाद काहीही असो, उदाहरणातली अक्षरी संख्या प्रथम अंकात लिहून घ्यावी, एवढी पायरी खालच्या वर्गांत सोडू नये.

या रीतीची सर्वांत जास्त गरज ज्यांना आहे, ती मुले शाळेत सर्वांत कमी दिवस असतात. गाळप हंगामात बीड, अहिल्यानगर अशा जिल्ह्यांतून ऊसतोड कुटुंबे या दोन तालुक्यांत येतात. दिवाळीच्या आसपास मुले गावची शाळा सोडतात आणि उन्हाळ्याच्या तोंडाशी परततात. साखरशाळा त्यांच्यासाठीच सुरू झाल्या. अशा मुलाच्या वहीत नुसती उत्तरे असतील तर नव्या शाळेतल्या शिक्षकाला त्याला काय येते हे कळत नाही. पायऱ्या असतील तर एका पानावरून कळते की भागाकार येतो पण मापे बदलता येत नाहीत, किंवा व्यस्त प्रमाण समजते पण हातचा सुटतो. शिकवणे तेथूनच सुरू करता येते, पहिल्या धड्यापासून नव्हे.

येथे घेतलेला उसाचा दर 2025-26 च्या हंगामाचा आहे आणि तो दर हंगामाला नव्याने ठरतो. तोडणी-वाहतुकीचा खर्च, एकरी उत्पन्न, दुधाची फॅट आणि कालव्याचा विसर्ग हे आकडे रीत दाखवण्यापुरते धरलेले आहेत. शिक्षकांनी आणि पालकांनी आपल्या गावची ऊसपावती, दूध केंद्राची चिठ्ठी, सातबारा आणि त्या दिवशीची धरणाची बातमी मुलापुढे ठेवावी आणि हीच उदाहरणे चालू आकड्यांनी पुन्हा सोडवून घ्यावीत.